साच्यावरचं बोलणं

बाबा घरात शिरले की आमची खोलीच काय, अख्खा मजला दणाणायचा. "चाय दी!" एवढे दोन शब्द ते अशा आवाजात म्हणत की पलीकडच्या खोलीतली म्हातारी दचकून जपाची माळ चुकायची. त्यात रागाचा काही भाग नव्हता. बाबा गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे शेकडो माग एका छपराखाली एकदम खडखडतात, तिथे हयात काढलेल्या माणसाच्या कानांचं जे व्हायचं ते बाबांचं झालं होतं. आई म्हणायची, "ह्यांच्याशी कायव गुपित बोलूचा तर आधी लालबागच्या नाक्यावर जावन उभ्या ऱ्हवाक होया." आमच्या घरात म्हणूनच कुणी हळू बोलत नसे. भांडणं, लाड, गावाकडचे निरोप, डाळीत मीठ जास्त झाल्याची तक्रार, सगळं चाळभर ऐकू जाई आणि चाळीतलं सगळं आम्हाला. वाटणाच्या पाट्याचा आवाज, खालच्या पिठाच्या गिरणीत दळल्या जाणाऱ्या मिरचीचा खकाणा, संध्याकाळी तव्यावर पडणारा बांगडा. माझं लहानपण अशा गजबजाटात आणि वासात गेलं.

पण ह्याच बाबांना एक दुसरं बोलणंही येत होतं. साच्यांच्या त्या कल्लोळात ओरडून काही उपयोग नसतो. तिथे माणसं आवाज काढतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, ठळक, सावकाश, जोडीला एखादी खूण, आणि समोरचा तोंडाकडे बघून समजून घेतो. दहा साचे पलीकडचा माणूस आज कुणाकडे बारसं आहे ते सांगतो आणि इकडचा हसतो. रविवारी बाबा मला आणि कमळला समोर बसवून हा खेळ शिकवायचे. "तोंडाकडे बघ," एवढंच ते मोठ्याने म्हणायचे, मग आवाज बंद. आधी आम्हाला काही कळत नसे, नुसतं हसू येई. पुढे पुढे आम्ही दोघी अशा तरबेज झालो की बाबांनाही ऐकेनाशा झालो.

कमळ म्हणजे जनाकाकीची मुलगी. मधे चौक, चौकात नळ आणि चहूबाजूंनी गॅलऱ्या अशी आमची चाळ. आमची खोली एका अंगाला, त्यांची बरोबर समोर. दोघी पंधरा-सोळाच्या, एकाच वर्गात. दोघींच्या आयांना वाटायचं, पोरी आपल्या गॅलरीत उभ्या राहून गुमान वेण्या घालतायत. प्रत्यक्षात चौकावरून आमच्या गप्पा चाललेल्या असत, ओठांनी, बिनआवाजी. कोण कुणाला काय म्हणालं, मास्तरणीचं नवं लुगडं, आज तुमच्याकडे कसली आमटी. समोर आई तांदूळ निवडत बसलेली असायची आणि तिच्या नाकासमोरून आमचं सगळं जायचं. असली चैन मी पुन्हा कधी केली नाही.

ते दिवस चळवळीचे होते. मुंबई कुणाची ह्यावरून गिरणगाव पेटलेलं. घराघरातून माणसं मोर्च्याला जात, बाबाही जात, रात्री परतले की त्यांचा आवाज बसलेला असे आणि आई म्हणायची, बरं झालं, तेवढीच शांतता. आमच्या चाळीच्या एका टोकाला रस्त्यावर उघडणारी गॅलरी होती. काही गडबड झाली की पोरंबाळं तिथे धावायची. त्या दिवशीही आम्ही दोघी तिथेच कठड्याला रेलून उभ्या होतो. खाली आरडाओरडा, पळापळ. इतक्यात आतून आईची हाक आली, "भात बघ गो सुमन, करपतलो!" मी चरफडत आत गेले. कमळने माझ्याकडे बघून ओठांनी म्हटलं, "लवकर ये, सांगतंय तुका." मी टोपावरचं झाकण उचललं, आणि तेव्हाच बाहेर तो आवाज झाला. गोळी कमळला म्हणून कुणी झाडली नव्हती. पोलिसांनी खाली रस्त्यावर झाडलेली, ती वर आली. मी झाकण हातात घेऊन बाहेर धावले. एवढंच सांगते.

तो भात मात्र अगदी मोकळा, नीट शिजला होता. तो कुणी खाल्ला नाही.

त्यानंतर जो तो मला कुरवाळायला लागला. "पोरीचं नशीब बलवत्तर." "देवाने हात देऊन आत नेली." आईने आमच्या गावच्या देवीला नारळ बोलला आणि गावी जाणाऱ्या माणसाबरोबर तो धाडलाही. समोरच्या खोलीत जनाकाकी भिंतीला टेकून बसलेली, आणि आमच्या दारात माझी दृष्ट काढलेल्या मिरच्या तडतडतायत. मला लाज वाटायची. मी जगले ही गोष्ट मला चोरीच्या मालासारखी वाटायला लागली. पण हे कुणाला सांगणार, आणि कुठल्या आवाजात? आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती, आणि जिच्याशी मी बिनआवाजी बोलायची ती तर गेली होती.

भात मला गिळवेना. पण कोकणातल्या माणसाच्या घरात भात नको म्हणणं म्हणजे साधी गोष्ट नाही. सगळे विचारत बसतील. म्हणून एका सोमवारी मी म्हटलं, आज माझा उपास आहे. आई चकित झाली आणि खूष झाली. मग गुरुवार धरला. मग शनिवार, चतुर्थी, एकादशी. मासळीही सोडली. आई चाळभर कौतुकाने सांगायची, "देवाधर्माचा झाला माझा चेडू." शेजारणी रताळी आणून द्यायच्या, कुणी साबुदाणा भिजवून पाठवायचं, एका आजीने तर आपल्या नातींना आणून मला दाखवलं, बघा, अशी असावी मुलगी. मी साबुदाणा चिवडून कावळ्याला टाकत होते. परकर कंबरेवरून घसरायला लागला तर आईने नाडी घट्ट ओवली आणि म्हणाली, तपाने तेज चढलंय.

आज मी म्हातारी झाले, आणि ते दिवस आठवले की आईचा राग येत नाही. तिला दिसत सगळं होतं, फक्त दिसलेल्याला तिच्याकडे जी नावं होती ती सगळी चांगली होती. जेवण सुटलं, त्याला तिने उपास म्हटलं. मी माझा रेशमी परकर मामेबहिणीला दिला, रिबिनी वाटल्या, कमळबरोबर खेळायचे ते सागरगोटे खालच्या पोरींना देऊन टाकले, त्याला तिने मोठं मन म्हटलं. बोलणं सुटलं, त्याला शहाणपण. "माझ्यासाठी दिवाळीला काही घेऊ नका," असं मी एकदा म्हणाले, तर ती बाबांना ओरडून सांगत होती, बघा किती समजूतदार झालीय. आमच्या आताच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची एक मुलगी मध्यंतरी अशीच एकाएकी फार गुणी झाली. तिची आई मला लिफ्टमध्ये कौतुकाने सांगत होती. मी तिला तिथूनच घरी चहाला घेऊन आले आणि ही सगळी हकीकत सांगितली. चहा तिने तसाच ठेवला.

पुढचं लिहायला मला जड जातं. एके दिवशी सकाळी उठले ती अगदी हलकी होऊन. कित्येक दिवसांत पहिल्यांदा नीट वेणी घातली. नळावरून पाणी आणलं, धाकट्या भावाला हसवलं, आईच्या गळ्यात पडले. आईने देवापुढे निरांजन लावलं आणि शेजारी साखर वाटली. आपली पोर परत आली असं तिला वाटलं. माझं ठरलं होतं म्हणून मी हलकी झाले होते. काय ठरलं होतं, कसं, ते मी इथे लिहिणार नाही. ते लिहून कुणाचं भलं होत नाही. दुसऱ्या दिवशी, एवढंच.

त्याच दिवशी, दुपार कलली होती. बायका गॅलरीत तांदूळ निवडत होत्या, कुणाच्या तरी खोलीत मूल रडत होतं. मी आमच्या दारासमोर कठड्याशी बसून समोरच्या गॅलरीकडे बघत होते. तिथे कमळच्या जागी कुणी नव्हतं, दोरीवर जनाकाकीचं लुगडं वाळत होतं. मला तेव्हा सवय लागली होती. मी त्या रिकाम्या जागेशी ओठांनी बोलत असे. आजूबाजूला बसलेल्या बायकांना वाटायचं, पोरगी नामस्मरण करतेय. त्या दिवशीही मी बोलत होते. "उद्या येतंय गो, कमळ. उद्या येतंय."

बाबा पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते आणि खाली चौकात नळावर पाय धूत होते. वर बघायचं काही कारण नव्हतं. पण सवय ती सवय. साच्यावरचा माणूस हलणारे ओठ दिसले की वाचतोच. माझी नजर खाली गेली तेव्हा नळ तसाच वाहत होता आणि बाबा तोंड वर करून उभे होते. बालदी भरून वाहायला लागली तरी त्यांना शुद्ध नव्हती. कुणीतरी बाई ओरडली, "ओ, पाणी!" त्यांना कुठलं ऐकू यायला.

ते जिना चढून वर आले. डोक्यात, भुवयांत कापसाचं तूस तसंच. मला वाटलं, आता सगळी चाळ दणाणणार. बाबा माझ्या समोर खाली बसले, मांडी घालून, रविवारी बसायचे तसे. आवाज मुळीच काढला नाही. ओठांनी म्हणाले, "उद्या खंय जातलंस?"

मी तोंड फिरवलं. ह्या बोलण्याचं एक आहे, तोंड फिरवलं की संपलं. समोरच्याने कितीही सांगितलं तरी तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. बाबांनी माझी हनुवटी धरून तोंड वळवलं नाही. ते नुसते बसून राहिले. बाजूच्या बाईने विचारलं, "काय ओ, आज चाय नको?" त्यांनी हाताने नको म्हटलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. उन्हाची तिरीप माझ्या पायावरून सरकून भिंतीवर गेली. शेवटी मी मान वळवली तर बाबा जसेच्या तसे माझ्याकडे बघत होते, आणि मी बघितल्याबरोबर त्यांचे ओठ हलले. ठळक, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"सुमन, जीव देवचो असा मनात येता तुझ्या?"

इतके दिवस सगळ्यांनी मला नाना गोष्टी विचारल्या होत्या. रताळं उकडू की भाजू. कुठलं स्तोत्र म्हणतेस. हे कुणी विचारलं नव्हतं. त्या शब्दांनी माझ्या मनात काही नवीन घातलं नाही, उलट जे एकटीने उचलून चालले होते त्याचं एक टोक कुणीतरी धरलं. मी ओठांनी म्हणाले, "होय."

बाबांचे डोळे भरले. पण ते "असं कसं गो," म्हणाले नाहीत, "आमचा विचार नाही केलास," म्हणाले नाहीत. कमळ बोलावतेय का, हेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कधीपासना?" मी सांगितलं. मग सगळंच सांगितलं. भाताचं, झाकणाचं, आईने धाडलेल्या नारळाचं. भोवती सगळी चाळ आपापल्या कामात, आणि आम्ही बापलेक त्या गजबजाटात बसून बोलत होतो. एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी बाबा म्हणाले, "बरा झाला माका सांगितलंस. आता मी तुका एकट्याक सोडूचंय नाय. आयेक सांगतंय. लपवूचा नाय." मला ते नको होतं. पण त्यांनी माझा हात धरला होता आणि तो सुटेल असं वाटत नव्हतं.

आईला त्यांनी आत नेऊन सांगितलं, आणि बाबांना हळू बोलता येत नसल्यामुळे तेही ओठांनीच, तिला कळेपर्यंत पुन्हा पुन्हा. ती मात्र मोठ्याने म्हणाली, "काय बोलतास तुमी! असला तोंडातसून काढू नकात. तुमी इचारल्यात म्हणान नसलेला तिच्या मनात भरात!"

बाबांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फुटला. "ता मनात हाच! आमी नाव घेतला म्हणान येवचा नाय, नि नाय घेतला म्हणान जावचा नाय!"

चाळ चपापली असणार. आई मटकन खाली बसली. मग ती रडली, माझ्या अंगावरून हात फिरवत राहिली, आणि तिच्या हाताला माझी हाडं लागली तेव्हा "अगो बाय माझ्या," एवढंच म्हणाली. तिला वाटलं, मला बाहेरचं काही लागलं असणार. बाबा म्हणाले, "अंगारो लाव, माझी ना नाय. पन डाक्टराकडे पन जावया." घरातल्या ज्या ज्या वस्तूंची त्यांना धास्ती वाटली त्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत भरल्या आणि मामांच्या खोलीवर नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या साच्यांवर बदली माणूस उभा राहिला. ते खाडा करणारे गृहस्थ नव्हते. आजारपणातही ते पाळी चुकवत नसत. तो उद्याचा दिवस माझ्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बाबा, असा गेला. संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि मी होते.

परळच्या डॉक्टरांनी खोकत खोकत मला तपासलं आणि बाबांनी विचारलं होतं तेच अगदी सरळ विचारलं. आईने पदर तोंडाला लावला. मी हो म्हटल्यावर ते आईला म्हणाले, "बाई, हिला आजार झालाय. उपासाने जायचा नाही आणि रागावूनही जायचा नाही. हिच्यापाशी सतत कुणीतरी राहा, आणि मला दर आठवड्याला दाखवा." आजार हा शब्द ऐकून मला हायसं वाटलं. मी वाईट नव्हते तर, आजारी होते. औषध दिलं ते कडू होतं आणि त्याने झोप यायची.

एक गाठ मात्र डॉक्टरांकडे सुटण्यासारखी नव्हती. जनाकाकीला मी टाळत होते. तिची मुलगी गेली आणि मी राहिले; ती मला बघून काय म्हणत असेल? बाबांनी तिला काय सांगितलं कोण जाणे, एका दुपारी ती आपणहून आली. हातात पेजेचा टोप. माझ्यासमोर टेकली आणि म्हणाली, "माका वाटला, माझा तोंड बघूक कट्टाळलंस तू."

मी म्हटलं, "काकी, माका बघून तुका कमळ आठवता ना?"

"आठवता तर. म्हणानच तू दिसाक होया माका." मग टोपावरचं झाकण काढत म्हणाली, "ह्या घराचे सगळे देव माका ठावक हत. तेंका सांग, उपास जनान सोडवल्यान."

ती भाताची पेज होती, वर मिठाचा खडा आणि लोणच्याची फोड. मी दोन घोट घेतले आणि ओकले. तिने तोंड पुसलं आणि पुन्हा वाटी पुढे केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी लगेच बरी झाले असं कुणी समजू नये. वर्ष गेलं, अधिक गेलं. मधे असे काही आठवडे आले की पुन्हा तळाशी जाऊन बसले, शाळाही एक वर्ष मागे पडली. आता बोलायला माणसं आहेत, दवाखाने आहेत, फोन उचलला तर पलीकडे कुणी ऐकायला बसलेलं असतं. तेव्हा आमच्यापाशी एक खोकणारा डॉक्टर, पेजेचा टोप आणि बाबा होते.

बाबांनी विचारणं सोडलं नाही. रोज पाळीवरून आले की चौकातल्या नळाशी थांबायचे, वर बघायचे आणि ओठांनी म्हणायचे, "आसस मां?" म्हणजे, आहेस ना? मी म्हणायची, "आसंय." आहे. ज्या दिवशी मी नुसती मान हलवायची त्या दिवशी ते पाय न धुताच वर येत. चाळीला वाटायचं, म्हातारा नळावर जांभया देतोय. मला राग यायचा कधीकधी, किती तेच तेच विचारायचं ते. पण ते यायच्या वेळेला मी गॅलरीत नव्हते असं क्वचित झालं.

मग राज्य झालं. मुंबईसकट झालं. त्या संध्याकाळी लालबागला जो आवाज होता तसा मी जन्मात ऐकला नाही. ढोल, लेझीम, गुलाल, गिरण्यांचे भोंगे, आणि खाली रस्ताभर माणसांची डोकी. रस्त्याकडच्या त्या गॅलरीत मी कमळच्या दिवसानंतर पाऊल टाकलं नव्हतं. जनाकाकी मिरवणूक बघणार नाही म्हणून दार लावून बसली होती. तिच्याच दारावर थाप मारून मी म्हटलं, काकी, चल. तिने चपला घातल्या आणि आली. आम्ही दोघी त्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिलो. तिने माझं मनगट धरलं होतं, का मी तिचं, आठवत नाही. ती रडत होती. आनंदाने नव्हे. सगळ्यांना जे मिळालं होतं त्यात तिला काही मिळालं नव्हतं.

खाली मिरवणुकीत बाबा होते, गुलालाने माखलेले, हात वर करून नाचणारे. नाचता नाचता त्यांनी वर बघितलं. त्या कठड्याशी, त्याच जागी मी. त्यांचे हात तसेच वर राहिले आणि चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. मागून लोक ढकलत होते तरी ते हलेनात. एवढ्या गुलालातही त्यांचे ओठ मला स्पष्ट दिसले.

"आसस मां?"

मी ओठांनी उत्तर दिलं. ते बघतच राहिले, पटलं नसल्यासारखे. मग मी कठड्यावर दोन्ही हात ठेवून, ज्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं त्या माझ्या बाबांना, त्या भोंग्यांच्या वर आवाज चढवून ओरडून सांगितलं, "आसंय, बाबा! आसंय मी!"